'ढ' कोणास म्हणावे?

मराठी वर्णमालेत 'ढ' ह्या अक्षराच्या वाट्यास जी अपकीर्ती आली आहे, ती दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या वाट्यास आलेली नाही. अभ्यासात मागे राहणाऱ्या मुलास 'ढ' म्हणून आपण मोकळे होतो. ह्या शब्दाचे एक मौजेचे कारण सांगण्यात येते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपी पाहिली, तर तिच्यातील बहुतेक अक्षरे आज आपणांस ओळखूही येत नाहीत. बावीस शतकांहून अधिक काळात ती वळत, वाकत, बदलत गेली. 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो 'ढ'! ही व्युत्पत्ती खरी असो वा रचलेली असो, तिच्या पोटी एक समजूत दडलेली आहे. मूल पुढे सरकत नसेल, तर दोष त्याच्या बुद्धीचा, अशी ती समजूत होय. ती कितपत खरी आहे, आणि खरी नसल्यास आईबापांनी, शिक्षकांनी व सोबत्यांनी काय करावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहो.

नेहमी दिसणारे मूल

आपल्या बारामती-इंदापूर भागातील कोणत्याही शाळेत जावे. ज्याचा उलगडा शिक्षकांस होत नाही आणि घरच्यांसही होत नाही, असे एखादे मूल तेथे आढळतेच. शेताच्या बांधावर ते हुशार असते. कालव्याच्या पाण्याची पाळी केव्हा येणार आणि तेवढ्या वेळात किती सऱ्या भिजतील, हे ते अचूक सांगते. बाजारात पावणेदोन किलो कांद्याचे पैसे तोंडी करते. बिघडलेली सायकल उघडून पुन्हा जोडते. रात्री ऐकलेले कीर्तनातील आख्यान सकाळी हावभावांसह सांगते. परंतु हाती पुस्तक दिले की तेच मूल अडखळते, ओळ चुकते, काल शिकलेला शब्द आज प्रथमच पाहिल्यासारखा पाहत राहते. फळ्यावरील मजकूर उतरवून घेण्यास इतरांस दहा मिनिटे लागतात, तर त्यास सारा तास पुरत नाही.

घरी म्हणतात, "बाकी सगळ्यात हुशार, अभ्यासातच तेवढा आळशी." शाळेत म्हणतात, "लक्ष देत नाही." आणि वर्षानुवर्षे हेच ऐकणारे मूल अखेरीस स्वतःच म्हणू लागते, "मी ढच आहे." वाचन दोन वर्षे उशिरा आले तरी चालते, परंतु हे वाक्य एकदा मनात रुजले म्हणजे ते उपटून काढणे फार कठीण जाते. अशी मुले नववी-दहावीपर्यंत कशीबशी येतात आणि एके दिवशी दप्तर खुंटीस लागते. मुलगा असेल तर तो गुऱ्हाळावर किंवा गॅरेजात लागतो. मुलगी असेल तर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. तेव्हा हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा आहे असे कोणी समजू नये.

एका इंग्रज मुलाची हकिगत

अशा मुलांकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष जाण्यास फार काळ लागला. १८९६ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडातील सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन ह्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' ह्या नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, दृष्टी चांगली. परंतु सात वर्षे शिकवूनही त्यास अगदी सोप्या शब्दांपलीकडे वाचता येत नसे. स्वतःचे नावदेखील तो अक्षरांची उलटापालट करून लिही. तोच मुलगा ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार झटकन व बिनचूक करी. (आमच्या विद्यार्थ्यांनी हा गुणाकार घड्याळ पुढे ठेवून अवश्य करून पाहावा!) त्यास काही वर्षे शिकविणाऱ्या शिक्षकाचे मत असे होते की, सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

मॉर्गन ह्यांनी ह्या स्थितीस 'जन्मजात शब्दांधता' असे नाव दिले. पुढे ते नाव मागे पडले. कारण मूळ अडचण डोळ्यांत नसते, असे संशोधनाअंती दिसून आले. आज ह्या स्थितीस डिस्लेक्सिया अथवा वाचन-अक्षमता म्हणतात. अडचण मुख्यतः लेखनात असेल तर डिसग्राफिया व गणितात असेल तर डिसकॅल्क्युलिया, अशी नावे आहेत. आणि ह्या सर्वांस मिळून विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. ह्यांतील 'विशिष्ट' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. अडचण एका ठराविक कामात आहे, सर्व बुद्धीत नाही, असा त्याचा अर्थ.

हे कसे घडते? बोलणे मूल घरात ऐकून ऐकून आपोआप शिकते. वाचन तसे येत नाही. लेखनाची कला मनुष्याने काढल्यास सुमारे पाच हजार वर्षेच झाली आहेत. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः नेमून दिलेली जागा नाही. पाहणे, ऐकणे व अर्थ समजणे ह्यांसाठी असलेल्या भागांची नवी जोडणी प्रत्येक मुलास शिकता शिकता करावी लागते. काही मुलांस ही जोडणी जड जाते. विशेषतः उच्चारलेल्या शब्दाचे सुटे ध्वनी ओळखून ते अक्षराशी जुळविणे त्यांस अवघड होते. पुष्कळदा ही गोष्ट घराण्यात चालत आलेली असते. ती आईच्या लाडाने होत नाही, ग्रहांमुळे होत नाही, आळसाने येत नाही आणि छडीने जात नाही. ती औषधाने बरी होणारी व्याधीही नव्हे. परंतु योग्य रीतीने शिकविल्यास असे मूल वाचू लागते. फक्त त्यास वेळ अधिक लागतो, आणि वाट थोडी निराळी घ्यावी लागते.

अक्षर आणि बुद्धी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रास नवीन सांगावयास नको. जळगावकडील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्यांच्या मुखातून निघालेली व इतरांनी उतरून घेतलेली कविता १९५२ साली छापून निघाली, आणि आज ती शाळेतील मुले अभ्यासतात. आषाढी वारीस संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्याच गावांवरून जाते. त्या दिंड्यांत पुस्तक न उघडताही शेकडो अभंग म्हणणारी म्हातारी माणसे आपण पाहतो. ह्या मंडळींस वाचण्याची संधी मिळाली नव्हती, आणि आपल्या वर्गातील मुलास संधी मिळूनही ते अडखळते, हा भेद खरा. तथापि कानाने घेतलेली विद्या ही देखील विद्याच होय, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

आपल्या लिपीतील अडचणी

देवनागरी लिपी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून ती सोपी, असे आपण अभिमानाने म्हणतो. सी-यू-टी म्हणजे 'कट', परंतु पी-यू-टी म्हणजे 'पुट', असा इंग्रजीतील गोंधळ तिच्यात नाही, हे खरेच. म्हणूनच मराठीत कसेबसे निभावून नेणारे मूल इंग्रजीच्या तासास पुरते अडकलेले दिसते. परंतु आपल्या लिपीच्याही काही खोडी आहेत, आणि त्या मोठ्यांच्या ध्यानात राहत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे रूपांची संख्या. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर चारशेंहून अधिक आकार होतात, जोडाक्षरे निराळीच. दुसरी गोष्ट म्हणजे सारखेपणा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ड आणि इ, तसेच ट, ठ, ढ व द, ह्यांतील भेद एखाद्या गाठीचा, रेघेचा किंवा वळणाचा असतो. तिसरी गोष्ट पहिल्या वेलांटीची. 'कि' ह्या अक्षरात 'इ'चा ध्वनी मागाहून येतो, पण खूण मात्र आधी काढावी लागते. चौथी गोष्ट 'र'ची. 'राम', 'सूर्य', 'क्रम', 'ट्रक' व 'दुसऱ्या' ह्या पाच शब्दांत 'र' पाच निरनिराळे पोशाख घालून येतो. कधी पुढे, कधी डोक्यावर, कधी पायाशी. आपणांस ह्याची सवय झाली आहे. ज्यास झालेली नाही, त्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे, म्हणजे रागवावयास उठलेला हात आपोआप खाली येतो.

घाईने नाव ठेवू नये

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. वाचन न येणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे असते, असे मुळीच नाही. प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणारे आणि मागच्या बाकावर शिक्षकांचे अर्धेच बोलणे ऐकू येणारे मूल कित्येकदा उगाच मंद ठरते, आणि एका चष्म्याने त्याचे नशीब पालटते.

नंतर मुलाची हजेरी पाहावी. ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगर आदी भागांतून टोळ्या आपल्याकडील कारखान्यांवर येतात, आणि त्यांच्यासोबत मुलेही येतात. ज्याचे शाळेचे अर्धे वर्ष दरसाल फडात व कोपीत जाते, त्यास वाचता आले नाही तर नवल ते काय? तिसरी गोष्ट म्हणजे घरची भाषा. पारधी, कैकाडी, वडारी अशी घरात निराळी बोली असलेल्या मुलास पुस्तकातील मराठी ही दुसरी भाषाच असते. ह्या मुलांस साहाय्य पाहिजेच. परंतु त्यांची अडचण निराळी आहे, आणि म्हणून उपायही निराळा आहे.

मात्र डोळे-कान निर्दोष आहेत, हजेरी नियमित आहे, बोलणे-चालणे चतुर आहे, शिकविणारे मनापासून शिकवीत आहेत, आणि तरीही तिसरीच्या सुमारास मूल सोपा उतारा वाचू शकत नाही, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत सतत चुकते, काने-मात्रे गाळते, तोंडी उत्तर बरोबर देते व लेखी चुकवते, असे दिसले, तर थांबू नये. "मोठा झाला म्हणजे येईल" असे म्हणून वाट पाहण्यातच पुष्कळांची मोलाची वर्षे जातात.

घरी काय करावे

ह्यासाठी आईबापांनी फार शिकलेले असण्याची गरज नाही. रोज पंधरा मिनिटे आणि शांत स्वर, एवढे भांडवल पुरे. सुट्टीच्या दिवशी दोन तास बसवून नंतर आठ दिवस विसरण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक फळ देतात.

धड्यासाठी महागड्या पुस्तकांचीही गरज नाही. बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. त्यावरील गावांची नावे मुलास तोंडपाठ असतात, तीच घ्यावीत. मात्र एस. टी. ज्या क्रमाने जाते त्या क्रमाने न जाता, अक्षरांच्या सोपेपणाच्या क्रमाने जावे. प्रथम 'बारामती'. ते पाहण्यापूर्वी कानाने घ्यावे: बा, रा, म, ती अशा चार टाळ्या वाजवाव्यात, आणि कोणत्या टाळीस कोणता ध्वनी आला ते मुलास सांगू द्यावे. मग चार चिठ्ठ्यांवर चार अक्षरे लिहून त्या मिसळाव्यात व नाव पुन्हा जुळवावयास सांगावे. त्याच चिठ्ठ्यांतून 'मरा', 'मती', 'राम' ह्यांसारखे शब्द कोठे जुळतात, कोठे एखादा काना कमी-अधिक करावा लागतो, हा खेळ होतो. नंतर 'काटेवाडी' घ्यावे. त्यात काना, मात्रा व वेलांटी तिन्ही येतात. 'भवानीनगर' आले की 'भ' आणि 'म' शेजारी ठेवून भेद दाखवावा. 'निमगाव केतकी' ह्यात ती फसवी पहिली वेलांटी आहे. 'इंदापूर' अनुस्वार शिकविते. 'लासुर्णे' व 'अंथुर्णे' ही दोन गावे रफारासाठीच वसविली की काय, असे वाटावे! आणि शेवटी 'जंक्शन'. तेथे अनुस्वार आणि जोडाक्षर एकत्र भेटतात. एक नाव पक्के झाल्यावाचून दुसऱ्यास हात लावू नये, मग त्यास आठवडा लागला तरी चालेल. पुढे त्या रस्त्याने जाण्याचा योग येईल तेव्हा पाटी मुलास वाचू द्यावी, आणि आपण गप्प बसावे.

अक्षर गिरविण्यासाठी आपल्या जुन्या पंतोजींची धूळपाटी पुन्हा बाहेर काढावी. ताटात बारीक वाळू किंवा रांगोळी पसरून बोटाने अक्षर काढावे व काढताना मोठ्याने उच्चारावे. डोळा, कान व बोट तिघांस एकाच वेळी कामास लावल्याने अक्षर मनात ठसते. पंतोजींच्या शाळेतील धुळाक्षरे घ्यावीत, छडी मात्र घेऊ नये.

ह्याशिवाय तीन गोष्टी. एक, मुलास वाचता येत नाही म्हणून त्याच्या कानावर पुस्तके पडणे थांबवू नये. गोष्टी, इतिहास, वृत्तपत्र, धर्मग्रंथ घरात कोणीतरी मोठ्याने वाचावे. त्याचे ज्ञान त्याच्या वाचनाइतकेच थिटे राहू देणे हा अन्याय होय. दोन, भावाबहिणींशी तुलना करू नये. तीन, मूल जे काम उत्तम करते ते त्याच्याकडून काढून घेऊ नये. "आधी अभ्यास, मगच खेळ" ह्या नियमाने ज्या एका जागी त्यास यश मिळते तीच जागा बंद होते.

शाळेत काय करावे

नीरा नदी ओलांडली की पलीकडे सातारा जिल्ह्यातील फलटण. तेथे मूळच्या अमेरिकन असलेल्या व पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्यांनी शाळेतून गळालेल्या व गरीब वस्त्यांतील मुलांस मराठी वाचावयास शिकविण्याचे काम आरंभिले. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि पुढे तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. ज्यांचे नाव ह्या शाळेस आहे त्या कमलाबाई निंबकर ह्याही जन्माने अमेरिकन होत्या. मुंबईस १९५० साली व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय सुरू करून अपंगांस स्वतःच्या हातांनी कामे करावयास शिकविण्याच्या शास्त्राचा भारतात त्यांनी पाया घातला. फलटणच्या ह्या कामातून घेण्याजोगी गोष्ट अशी की, सारी बाराखडी पाठ होईपर्यंत मुलास अर्थासाठी तिष्ठत ठेवू नये. थोडी अक्षरे व थोड्या खुणा द्याव्यात, आणि त्यांपासून होणारे अर्थपूर्ण शब्द व छोटी वाक्ये लगेच वाचावयास द्यावीत. वाचनातून काही समजते, हा आनंद पहिल्याच आठवड्यात मिळाला, तर मूल पुढील कष्ट सोसते.

वर्गात शिक्षकांस करता येण्यासारखे पुष्कळ आहे. अशा मुलास पुढच्या बाकावर बसवावे. त्याची तयारी नसता सर्वांसमोर उभे करून वाचावयास लावू नये. वाचावयाचा उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवावा. फळ्यावरील दहा ओळींऐवजी चार उतरविल्या तरी पुरे मानावे. इतिहास-विज्ञानाची परीक्षा घेताना ज्ञान तपासावयाचे आहे की अक्षर, हे आधी ठरवावे, आणि ज्ञान तपासावयाचे असेल तर काही प्रश्न तोंडी विचारावेत. वहीतील प्रत्येक चूक तांबड्या शाईने रंगविण्याऐवजी एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी.

इतर मुलांचे ह्यात नुकसान होईल, अशी शंका कोणी घेईल. डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी रोमच्या शाळेत प्रथम ज्या साधनांचा उपयोग केला, ती मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांसाठी होती. १९०७ मध्ये तीच रीत त्यांनी सामान्य मुलांस लावली, आणि बोटांनी गिरविण्याची त्यांची खरखरीत अक्षरे जगभर गेली. अडलेल्या मुलासाठी काढलेली वाट सर्वांनाच उपयोगी पडते, असा हा अनुभव आहे.

कायदा आणि परीक्षा

आजच्या पालकांस मागच्या पिढीपेक्षा एक मोठा आधार आहे, तो कायद्याचा. १९९६ साली मुंबईस महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षापासून आपल्या राज्यात अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती देण्यास आरंभ झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलास मारणे व मानसिक छळ करणे ह्या दोहोंसही मनाई केली आहे. वर्गात 'ढ' म्हणून हिणविणे हे दुसऱ्या सदरात येते, हे ध्यानात घ्यावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले, व त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. अशी अडचण लवकरात लवकर ओळखणे व तीवर योग्य अध्यापनाचे उपाय योजणे, हे त्या कायद्याने शाळेचे कर्तव्यच ठरविले आहे.

प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यास शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सूट अशा स्वरूपाच्या सवलती मिळू शकतात. कोणास कोणती मिळावी हे त्याच्या अडचणीवरून व मंडळाच्या त्या वेळच्या नियमांवरून ठरते. केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या सूचनांत प्रमाणपत्रासाठी वयाची आठ वर्षे पूर्ण असण्याची अट होती. म्हणजे तिसरी-चौथीतच ह्या कामास लागता येते. ह्यासाठी पालकांनी मुख्याध्यापकांस भेटून शाळेचे पत्र घ्यावे, कोणत्या शासकीय रुग्णालयात तपासणी व्हावयाची ते विचारून घ्यावे, आणि मुलाच्या जुन्या वह्या व गुणपत्रिका जपून सोबत न्याव्यात. तपासणीत दृष्टी, श्रवण, बुद्धिमापन व वाचन-लेखनाच्या चाचण्या असतात. त्यांस एकाहून अधिक फेऱ्या पडतात. दहावीचा अर्ज भरण्याच्या सुमारास जे पालक धावपळ करू लागतात, त्यांच्या हाती बहुधा निराशा येते.

परंतु आमच्या अनुभवास येते ते असे की, पुष्कळ घरांत अडसर वेळेचा नसतो, लाजेचा असतो. "कागदावर दिव्यांग असा शिक्का बसेल, लोक काय म्हणतील, धाकट्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल," अशी कुजबुज होते. त्या पालकांस आम्ही नम्रपणे विचारतो की, 'ढ' हा शिक्का तर त्याच्यावर केव्हाच बसला आहे. तो कोणत्या रुग्णालयाने, कोणती तपासणी करून दिला? एका शिक्क्याने मुलाचे दार बंद होते, दुसऱ्याने निदान उघडण्याचा संभव आहे. ह्यांतील कोणता पत्करावा, हे सुज्ञांस सांगावयास नको.

दुसरी कुजबुज इतरांची असते: "त्यास लेखनिक दिला, जादा वेळ दिला, मग आमच्या मुलाने काय पाप केले?" ह्यास पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात उत्तर आहे. मोशेस देवाने पाचारण केले तेव्हा आपली जीभ जड आहे, आपणांस बोलता येत नाही, असे सांगून तो मागे हटू लागला. देवाने त्याचे काम काढून घेतले नाही, आणि जिभेबद्दल त्यास शिक्षाही केली नाही. त्याचा भाऊ अहरोन ह्यास त्याचे मुख म्हणून सोबत दिले. लोकांपुढे शब्द अहरोनाने उच्चारले. परंतु इस्राएल लोकांचा पुढारी मोशेच राहिला. लेखनिक उत्तर सांगत नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यातील उत्तर कागदावर उतरवितो, एवढेच. चष्मा लावून परीक्षा देणाऱ्यावर कोणी आक्षेप घेत नाही, तर ह्यावर का घ्यावा?

विद्यार्थिमित्रांस दोन शब्द

बालमित्रहो, ह्या कामात तुमचा वाटा मोठा आहे. कोणी वाचताना अडखळला की वर्गात जे हसू पिकते, त्याचा घाव शिक्षकांच्या रागाहूनही खोल जातो. तुमच्या शेजारचा सोबती वाचनात मागे असेल, तर मधल्या सुट्टीत धड्याची दोन पाने त्यास वाचून दाखवा. तो कदाचित तुम्हांस भूमितीची आकृती समजावून देईल, किंवा सायकलची साखळी बसवून देईल. ही देवघेव आहे, उपकार नव्हे.

आणि ज्यांस स्वतःस ही अडचण आहे, त्या मुलामुलींस आमचे सांगणे असे की, मागे राहिलो म्हणून लपून बसू नका. कोणता शब्द अडतो, कोठे अडतो, ते आईस, गुरुजींस, बाईंस निर्भयपणे दाखवा. अडचण दाखविणे हे शिकण्याचे अर्धे काम आहे. राहिलेले अर्धे काम करण्यास आम्ही मोठी माणसे बांधलेली आहो.

पालकांस शेवटी एकच विनंती. मुलाची प्रगतिपुस्तिका हाती येईल तेव्हा लाल रेघांवर बोट ठेवण्यापूर्वी त्यास जवळ बसवून एक पान वाचावयास सांगावे, आणि न रागावता ऐकावे. ते कोठे अडते हे एका कागदावर टिपून तो कागद वर्गशिक्षकांकडे न्यावा. ह्यास पैसा लागत नाही, पुण्यास जावे लागत नाही. आणि पुढील सर्व उपायांचा आरंभ ह्या एका कागदापासून होतो.